लोणारला गोड पाणी बाधतंय

पहिला दिवस, गुरुवार : नाशिक ते लोणार

लोणारच्या खाऱ्या तळ्यावर मी पहिल्यांदा गेले ते २००३ च्या मे महिन्यात. बी.एस्सी.ला होतो. रसायनशास्त्राच्या सरांनी वनखात्याची परवानगी काढली होती, आणि आम्ही बावीस जण एस.टी.नं गेलो होतो. त्या वेळचं मला लख्ख आठवतं ते म्हणजे पांढरं पडलेलं काठाचं चिखलमैदान. पायाखाली खाराची पापडी कुरकुरत होती, आणि पाण्यापर्यंत पोचायला बरंच चालावं लागलं होतं. पाणी हिरवंगार, वाटाण्याच्या सूपासारखं दाट. बोटं बुडवली की साबण लावल्यासारखी बुळबुळीत व्हायची. पीएच पट्टीचा, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी ते सांगणाऱ्या कागदाचा, रंग दहाच्याही पुढं गेला होता (सात म्हणजे मधलं, त्यावर अल्कधर्मी), आणि सर हरखून म्हणाले होते, "पोरांनो, असं पाणी परत कुठं बघायला मिळेल सांगता येत नाही."

बावीस वर्षांनी, गेल्या नोव्हेंबरात, नवरा आणि नववीतला मुलगा ओजस यांना घेऊन गेले. आता मी स्वतः कनिष्ठ महाविद्यालयात तोच विषय शिकवते.

समृद्धी महामार्गामुळे प्रवास फारच सोपा झालाय, त्यामुळे त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. सिंदखेडराजाला उतरलो, जिजाऊंच्या जन्मस्थानी डोकं टेकवलं आणि मग मोती तलावावर गेलो. जाधवांच्या काळातला हा तलाव बघायला फार कमी लोक थांबतात, तुम्ही मात्र थांबा. बांधावर वारा छान होता. शेळ्या चारणारा एक मुलगा ओजसला सांडवा दाखवत होता, तलाव भरला की जादा पाणी इथून जातं म्हणून. ओजसनं विचारलं, "लोणारचा सांडवा कुठंय?" लोणारला सांडवाच नाही. आत येतं ते पाणी फक्त वर जातं, उन्हानं. या एका गोष्टीवर लोणारचं सगळं उभं आहे, हे त्याला तिथंच सांगून टाकलं, म्हणजे पुढचं समजायला बरं.

पन्नासेक किलोमीटरवर लोणार. दुतर्फा तूर फुलोऱ्यात, कपाशी फुटलेली, मधूनच हरभऱ्याचे वाफे. संध्याकाळी पाचच्या सुमारास विवराच्या काठावर उभे राहिलो. कितीही फोटो बघितलेले असोत, काठावर आलं की माणूस गप्पच होतो. गावचा रस्ता, दुकानं, पानटपऱ्या, आणि त्यांच्या मागं एकदम जमीन संपते. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा खळगा, काठापासून जवळपास १३७ मीटर खोल, तळाशी झाडांच्या पट्ट्यात बसलेलं पाणी. दख्खनच्या काळ्या पाषाणावर आकाशातून आलेल्या दगडाचा हा घाव. बेसॉल्टमधलं इतकं चांगलं टिकलेलं आघातविवर जगात दुसरं नाही असं मानतात. वय आम्हाला पूर्वी ५२ हजार वर्षं शिकवलं होतं; २०१० मध्ये आरगॉनच्या समस्थानिकांवरून ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं निघालं. बऱ्याच ठिकाणी अजून जुनाच आकडा सांगतात.

पण मी खाली बघितलं आणि माझ्या पोटात गोळा आला. पांढरा पट्टा कुठंच नव्हता. पाणी थेट झाडीत शिरलेलं.

मनाची समजूत घातली, मी मेमध्ये आले होते, आता पावसाळा नुकताच संपलाय. समजूत पटली नाही.

*राहण्याबद्दल* : एमटीडीसीचं निवासस्थान काठावरच आहे, सूर्योदयाला खोलीतून चार पावलांत विवर दिसतं. गावातही साधे लॉज आहेत. जेवण गावातच करा. आम्ही ज्वारीची भाकरी, पिठलं आणि हिरव्या मिरचीचा खरडा खाल्ला. खरडा जपून वाढून घ्या, वऱ्हाडातली मिरची आहे.

दुसरा दिवस, शुक्रवार : विवरात

सकाळी साडेसहाला वाटाड्या काका आले. साठीचे, डोक्याला मफलर, पायात रबरी चपला, आणि त्या चपलांवर ते आमच्या बुटांपेक्षा दुप्पट वेगानं उतरत होते. गोमुखाच्या बाजूनं खाली जायचं होतं, म्हणून आधी धारेवर थांबलो.

धार म्हणजे विवराच्या काठातून फुटलेला बारमाही झरा. गोमुखातून अखंड पाणी पडतं, गार आणि गोड. ओंजळीत घेऊन प्यायलो. काका म्हणाले, "बाहत्तरच्या दुष्काळातबी आटली नाही म्हनत होते आमचे बा." खाली असेच आणखी झरे आहेत, रामगया, सीता न्हाणी. विवराच्या भिंतीतून पाझरणारं हे सगळं पाणी शेवटी तळ्यात जातं. देवळांच्या भिंतीला टेकून मी बराच वेळ त्या धारेकडं बघत राहिले. गोड पाणी आणि खारं तळं यांच्यातलं अंतर उताराच्या एका वाटेइतकं आहे.

उतार दाट झाडीचा. साग, सीताफळ, कडुनिंब, वेलींचे पडदे. मोर इतके की तासाभरानं ओजसनं मोजायचं सोडून दिलं. जमीन ओली, पाचोळ्याचा आंबूस वास. मग तो वास बदलला. कुजक्या अंड्यासारखा, गंधकाचा वास नाकात शिरला आणि मला एकदम एकोणीस वर्षांची झाल्यासारखं वाटलं. तळ्याच्या तळाशी प्राणवायू नसतो, तिथले जिवाणू गंधकाची संयुगं फोडून हायड्रोजन सल्फाइड सोडतात. घाण वास म्हणून लोक नाकाला रुमाल लावतात. मला तो वास आला याचाच आनंद झाला. तळं अजून तळं होतं.

खाली पोचलो आणि वाट पाण्यात गेली. अक्षरशः. पूर्वी काठाकाठानं पूर्ण फेरी मारता यायची. आता जुनी पायवाट समोर पाण्यात उतरत होती आणि आम्हाला काट्याकुट्यातून वरच्या अंगानं जावं लागलं. पाण्यात बाभळी उभ्या होत्या, वाळून काळ्या पडलेल्या. एका झाडाजवळ मी वाकून बघितलं. खोड गुडघाभर पाण्यात, साल सुटून लोंबत होती, आणि बुंध्याजवळच्या फांदीवर गवताचं जुनं वाळकं घरटं तसंच होतं. पाण्याच्या रेषेवर साधारण बोटभर रुंदीचा खाराचा पांढरा काठ. २००३ ला जी पापडी मैदानभर पसरली होती, ती मला यंदा एवढीच दिसली.

कमळजा देवीचं देऊळ तळ्याच्या काठावर आहे. नवरात्रात इथं मोठी यात्रा भरते. आम्ही गेलो तेव्हा पाणी देवळापर्यंत पोचलं होतं. काकांनी लांबूनच हात जोडले. म्हणाले, "माय पान्यात बसली. मी ल्हान होतो तवा देवळापासून पानी लई दूर होतं, आमी मधी खेळत होतो." त्यांची आजी तळ्याकाठचा खार वेचून आणायची, पापडाच्या पिठात घालायला आणि कपडे धुवायला. इथल्या खाराच्या जाती लोकांनी नावानिशी ओळखलेल्या, डल्ला, पापडी, भुसकी. अकबराच्या काळातल्या 'ऐन-ए-अकबरी'तही या भागात काच आणि साबण करायला लागणारं सगळं मिळतं अशी नोंद आहे. १९१२ साली ला टूश आणि क्रिस्टी या दोघांनी भूशास्त्रीय सर्वेक्षणासाठी तळ्याचं भूविज्ञान आणि इथला सोडा यांच्यावर सविस्तर लिहिलं. म्हणजे या पाण्याची नोंद शंभर वर्षांहून जुनी आहे, आणि आपल्याकडं अशी किती तळी असतील?

काकांनी खिशातून कागदाची पुडी काढली. हळद. तळहातावर चिमूटभर घेतली, काठाला बसून दोन थेंब पाणी टाकलं, आणि पिवळी हळद डोळ्यांदेखत लालभडक झाली. "घ्या, कुंकू!" ओजस टाळ्या पिटायला लागला. पिढ्यानपिढ्या लोणारचे लोक हा प्रयोग करतात, आणि तो खरोखर सुंदर आहे. आम्लारीचा इतका सोपा दर्शक दुसरा नाही.

पण माझ्यातली शिक्षिका गप्प बसेना. हळद साडेआठच्या आसपासच्या पीएचलाही लाल होते आणि साडेदहालाही. तळं साडेदहावरून नऊपर्यंत उतरलं तरी काकांच्या तळहातावर कुंकूच दिसणार. आणि पीएचच्या पट्टीवर एक घर उतरणं म्हणजे दहा पटींचा फरक. लोणारच्या जुन्या नोंदींत पीएच सर्रास १० ते १०.५ असा सापडतो. अलीकडं तो घसरत असल्याचं सांगतात. मी बोटं बुडवून बघितली. बुळबुळीत होतं, पण माझ्या आठवणीतलं ते नव्हतं. आठवणीवर विज्ञान चालत नाही हे मला कळतं. अभयारण्यातून पाणी उचलायला परवानगी लागते, ती आमच्याकडं नव्हती, म्हणून नमुना घेतला नाही.

तिथंच एका दगडावर बसून ओजसला सगळं सांगितलं. इथं जरा सविस्तर लिहिते, कारण येणाऱ्या बहुतेकांना हे कोणी सांगत नाही.

काळा पाषाण झिजतो तेव्हा त्यातून सोडियम, कॅल्शियम असे क्षार पाण्यात येतात. सांडवा नसल्यानं ते आत साठत जातात. ऊन पाणी उडवून नेतं, क्षार मागं राहतात. कॅल्शियम कार्बोनेट होऊन गाळात बसतं, उरतं ते सोडियमचं कार्बोनेट, बायकार्बोनेट आणि मीठ. म्हणून पाणी खारं आणि अल्कधर्मी. यात मासे जगत नाहीत, साधं शेवाळ जगत नाही; पण स्पिरुलिना नावाचा नीलहरित सूक्ष्मजीव जगतो, आणि जगतो म्हणजे माजतो. तो हिरवा रंग त्याचा. सोबत असे सूक्ष्मजीव की ज्यांना हे तिखट पाणीच मानवतं. म्हणून जगभरच्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांना लोणारचं वेड आहे.

अशा तळ्याला गोड पाणी म्हणजे प्रदूषण. इतर ठिकाणी आपण म्हणतो, तळं भरलं, बरं झालं. इथं तळं भरलं की क्षार पातळ होतात, पीएच उतरतो, आणि हजारो वर्षांत जमलेल्या जीवांची जागा कुठल्याही डबक्यात सापडणारे जीव घेतात. त्यात गावाचं सांडपाणी आलं की नायट्रोजन-फॉस्फरसची भर. पाण्याची गुणवत्ता 'सुधारली' असं नुसता तक्ता बघून एखादा म्हणेल, पण पिण्याच्या पाण्याच्या मापानं लोणार मोजायचंच नसतं.

ओजस म्हणाला, "मग आधी कधी बदललं नसेल का?" प्रश्न बरोबर होता. बदललंय. २००८ साली भारतीय आणि जर्मन शास्त्रज्ञांनी तळ्याच्या बुडातून सुमारे १० मीटर लांबीचा गाळाचा स्तंभ काढला. त्यात गेल्या अकरा हजार वर्षांचा मॉन्सून थराथरानं लिहिलेला निघाला. पाऊस ओढ धरायचा तेव्हा पाणी आटून गेलुसाइट नावाच्या खनिजाचे स्फटिक गाळात बसायचे. त्यावरून दोन लांबलचक कोरडे काळ ओळखता आले, एक सुमारे ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचा आणि दुसरा २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. म्हणजे तळं खारट होणं आणि सौम्य होणं त्याच्या स्वभावातच आहे, पण त्याची चाल शतकांची होती. आणि आता? २०२० च्या जूनमध्ये उन्हानं पाणी इतकं आटलं, क्षार इतके दाटले की तळं गुलाबी झालं. लाल रंगद्रव्य असलेले मीठप्रेमी सूक्ष्मजीव माजले होते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं आणि नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनं नमुने तपासले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानंही त्यात लक्ष घातलं. त्याच वर्षी लोणारला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा अशी मान्यता, मिळाला; नांदूर मधमेश्वरनंतर महाराष्ट्रातलं दुसरं स्थळ. आणि त्यानंतर पाचच वर्षांत पाणी देवीच्या देवळाशी आलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाच वर्षं. माझी काळजी या वेगाची आहे.

पाणी का चढतंय यावर काकांची स्वतःची मतं होती. पाऊस एकदम कोसळतो, आजूबाजूला पाणी अडवलंय ते झऱ्यांतून फुटतं, आणि काठची विलायती बाभूळ काढल्यापासून पाणी ओढायला झाडच उरलं नाही. "आता रामगयेच्या तोंडाशी मासे दिसतात, म्या पाह्यले," ते म्हणाले. लोणारात मासे! त्यांनी ते जितक्या हळू आवाजात सांगितलं, तितक्या हळूच मी ऐकलं. या कारणांपैकी किती कशाचा वाटा, हे वर्षानुवर्षं दरमहा मोजल्याशिवाय ठरणार नाही. पातळी, पाऊस, झऱ्यांचा प्रवाह, क्षार, पीएच, असं सगळं एका वहीत, खंड न पडता. गुलाबी रंग आला की कॅमेरे येतात. मला दरमहा येणारा एक माणूस हवाय.

पलीकडच्या काठाला शेकाट्यांचा थवा उथळ पाण्यात चोच मारत होता, लाल काड्यांसारखे पाय. चक्रवाकांची एक जोडी उठून भुऱ्या पंखांनी पाण्यावरून गेली. बारा वाजता ऊन असं भरलं की वारा थांबला आणि विवर तव्यासारखं तापलं, नोव्हेंबर असूनही.

*उतरणाऱ्यांसाठी* : पहाटेच निघा, दहा-साडेदहापर्यंत परत चढायला लागा. माणशी दोन लिटर पाणी, पूर्ण बाह्या, घट्ट बूट. चपला फक्त काकांना शोभतात. वाटाड्या घ्याच, कारण जुन्या वाटा पाण्याखाली गेल्यात आणि नकाशे अजून जुनेच आहेत. साबण, शाम्पू, निर्माल्य, प्लॅस्टिक, काहीही खाली नेऊ नका. इथं टाकलेलं वाहून जायला वाटच नाही.

तिसरा दिवस, शनिवार : गाव, मारुती आणि परत

सकाळी दैत्यसूदन मंदिर. काळ्या दगडातलं, बाहेरून अंगभर कोरलेलं. गाभाऱ्यात विष्णू आणि पायाखाली लवणासुर. गोष्ट अशी की हा दैत्य जमिनीखाली लपून त्रास द्यायचा. विष्णूनं पायाच्या अंगठ्यानं त्याच्या बिळाचं झाकण उडवलं आणि त्याला मारलं. तळ्याचं पाणी म्हणजे त्याचं रक्त, आणि खार म्हणजे मांस. उडालेलं झाकण धाकेफळजवळची टेकडी झाली. मला या गोष्टीचं फार कौतुक वाटतं. आकाशातून दगड पडला हे माहीत नसताना, झाकण उडाल्यासारखा खळगा, आणि खार हाच या जागेचा जीव, हे दोन्ही लोकांनी अचूक हेरलं होतं.

तिथून मोठ्या मारुतीला. आडवा, निजलेला मारुती. शिळेत चुंबकत्व आहे म्हणतात. ओजसनं होकायंत्र नेलं होतं, सुई थरथरली, आणि पुजारीबुवा समाधानानं हसले. शेजारी अंबर तलाव, ज्याला छोटं लोणार म्हणतात. मूळ दगडाचा तुकडा पडून तो झाला असावा असा एक अंदाज. आता त्याचा तलावपणा फारसा उरला नाही.

मारुतीच्या आवारात एका घराचं नवस फेडणं चाललं होतं. गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजत होते, कणकेचे मुठीएवढे गोळे, राखेत खरपूस झालेले. आम्ही नुसते बघत उभे होतो तर घरातल्या आजींनी हाताला धरून पंगतीत बसवलं. "पाव्हने काऊन उभे? बसा ना, बाई." रोडगा हातानं चुरायचा, वर वरण, त्यावर तूप, सोबत वांग्याची झणझणीत भाजी. राखेचा वास असलेलं ते कवच आणि आतली वाफ! ओजसनं चार खाल्ले. आजींना सांगितलं, तळं बघायला आलोय. त्या म्हणाल्या, "पानी लई झालं म्हनतात. आमच्या वावरात एवढं असतं तर!" त्यांचं शेत आठ किलोमीटरवर, विहीर मार्चमध्ये तळ गाठते. मी काय बोलणार? काठाच्या आत पाणी जास्त आणि काठाच्या बाहेर कमी, अशी ही गत आहे. त्यांनी निघताना दोन रोडगे कागदात बांधून दिले.

परतीला मेहकरला शारंगधर बालाजीचं दर्शन घेतलं. १८८८ साली सापडलेली ही काळ्या पाषाणाची मूर्ती बघायला अर्धा तास राखून ठेवा. मग समृद्धी, आणि रात्री घरी.

सोमवारी कॉलेजात प्रयोगशाळेचं मागचं कपाट उघडलं. २००३ ला आणलेल्या पाण्याची एक काचेची बाटली मी शिकत होते त्या सरांनी निवृत्त होताना मला दिली होती. बूच सैल झालेलं, पाणी केव्हाच उडून गेलेलं. आत तळाशी नखाएवढ्या जाडीचा पांढरा थर, कडेनं किंचित हिरवट. नखानं टोकरला, कणभर ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवला, पट्टी बुडवली. पट्टी गडद निळी झाली. बाटलीवर तारीख आणि जागा नव्यानं लिहून चिकटवली, आणि प्रयोगशाळेतल्या मावशींना सांगितलं, सगळी काच धुवा, ही तेवढी धुवू नका.